दुबळ्यांना मुदत, सरकारला मोकळीक!

पंच्याऐंशी वर्षांच्या निराधार विधवेने आपण अद्याप जिवंत असल्याचा दाखला दरसाल ठरल्या मुदतीत तहसील कचेरीत दिला नाही तर तिचे दरमहाचे दीड हजार रुपये बंद पाडणारे, परंतु त्याच वृद्धेचा अर्ज आपल्या टेबलावर महिनोन्‌महिने धूळ खात पडला तरी आपल्या एकाही अधिकाऱ्याचा केस वाकडा होऊ न देणारे सरकार जेव्हा स्वतःला फुले-शाहू-आंबेडकरांचे वारस म्हणवून घेते, तेव्हा त्या थोर नावांची विटंबना होते. मुदत पाळायची ती दुबळ्याने आणि मोडायची मुभा मात्र सबळाला, असा उफराटा न्याय या राज्यात राजरोस चालू आहे. वृद्धेकडून उशीर झाला तर शिक्षा वृद्धेला. सरकारकडून उशीर झाला तरीही शिक्षा वृद्धेलाच. याला कारभार म्हणत नाहीत. हा अधर्म आहे.

संसदेने २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम संमत केला आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून अमलात आला. पोटच्या मुलांनी घराबाहेर काढलेल्या आई-बापांना दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, वकिलाच्या फीसाठी उरलेसुरले डोरले मोडावे लागू नये, म्हणून उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण नेमावे, जिल्हाधिकाऱ्यापुढे अपील चालावे आणि चरितार्थाच्या अर्जाचा निकाल ९० दिवसांत लागावा, अपवादात्मक परिस्थितीत कारणे नोंदवून एकदाच आणखी ३० दिवस मिळावेत, असे या कायद्याने ठरवले. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु हेतूची उदात्तता आणि अंमलबजावणीची दानत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची परीक्षा कायद्याच्या प्रस्तावनेत होत नाही, ती त्याने घातलेल्या मुदतीत होते. ती मुदत नीट वाचून पाहा. तिच्या बुडाशीच भोक आहे.

हे नव्वद दिवस अर्ज दाखल झाल्यापासून मोजले जात नाहीत. मुलाला किंवा नातलगाला नोटीस बजावली गेल्यापासून मोजले जातात. ज्या मुलाने आईला घराबाहेर काढले तो मुलगा नोटीस घेण्यासाठी दारात उभा राहील, अशी या कायद्याची भाबडी समजूत दिसते! नोटीस घेऊन जाणारा कर्मचारी परत येतो, शेरा पडतो, पुढची तारीख पडते, आणि बजावणीच झालेली नाही म्हणून मुदतही सुरू झालेली नाही असे निर्लज्ज गणित मांडून तीन महिन्यांचे काम वर्षावर नेता येते. त्यातच ज्या उपविभागीय अधिकाऱ्यावर हे न्यायाधिकरण सोपवले, त्याच्याच गळ्यात निवडणुका, भूसंपादन, नुकसानीचे पंचनामे, महसुलाची वसुली आणि मंत्र्यांचे दौरे बांधलेले असतात; त्या रगाड्यात म्हातारीची सुनावणी सर्वांत शेवटी येते आणि सर्वांत आधी तहकूब होते. आणि नव्वद दिवस उलटून गेले तर काय होते? कोणाचा पगार कापला जातो? कोणाच्या गोपनीय अहवालात लाल शेरा पडतो? कायदा यावर अवाक्षर काढत नाही. मुदत मोडल्याने ज्याचे काहीच बिघडत नाही, त्याच्या हाती दिलेली मुदत म्हणजे निव्वळ सदिच्छा होय. सदिच्छेने चूल पेटत नाही.

ही झाली मुलांकडून वसूल करायच्या चरितार्थाची कथा. जिथे खुद्द सरकारने खिशात हात घालायचा आहे, तिथे तर कायद्याने नावालाही तारीख घातलेली नाही. याच अधिनियमाच्या कलम १९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनाने टप्प्याटप्प्याने उभारावा, अशी कल्पना आहे. पण ती सक्ती म्हणून नाही, मुभा म्हणून आहे; आणि ते टप्पे किती, पहिला केव्हा, शेवटचा केव्हा, याचा पत्ता नाही. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा हिशेब केला तर ही अवघी ५,४०० माणसांची सोय होते. २०११ च्या जनगणनेत ज्या राज्यात साठी ओलांडलेली माणसे एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती, त्या राज्याने एवढीशी किमान सोय तरी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या साली केली आणि त्यातल्या किती खाटा आज भरलेल्या आहेत, याचा जिल्हावार तक्ता विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा, असे आमचे सरकारला जाहीर आव्हान आहे. माजी केंद्रीय कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावे लागले की, प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती आधी राज्यांकडून गोळा करा. कायदा होऊन अकरा वर्षे उलटल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सरकारला मोजदाद करायला सांगावे लागते! ज्या कामाला तारीख नसते त्याची मोजदादही कोणी ठेवत नाही.

सरकारने जे केले नाही ते गावोगावच्या सेवाभावी संस्थांनी पदरमोड करून केले, आणि त्यांच्या वाट्याला काय आले? परिपोषण अनुदानाची वाट पाहणे. संस्थेने प्रस्ताव द्यायचा. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांनी तपासणी करायची. तो अहवाल प्रादेशिक उपायुक्तांकडे जायचा, तिथून पुण्याच्या आयुक्तालयात, तिथून मंत्रालयात. वाटेत प्रत्येक मुक्कामावर एक नवी त्रुटी निघायची, लेखापरीक्षणाची प्रत अस्पष्ट, उपयोगिता प्रमाणपत्रावर शिक्का नाही, अग्निशमनाचा दाखला जुना. आणि सगळ्या त्रुटी पुरवून झाल्या की ‘निधी उपलब्ध होताच’ हे दोन-तीन शब्द ऐकायला मिळायचे. मार्चअखेरीस एकदा तरतूद आली तर आली, नाहीतर प्रस्ताव पुढच्या वर्षाच्या रांगेत. मधल्या काळात त्या वृद्धाश्रमात काय चालते हे मंत्रालयातल्या वातानुकूलित दालनात बसून दिसत नाही, म्हणून आम्ही दाखवतो. किराणा दुकानदाराच्या वहीत उधारीची पाने उलटत जातात आणि तो एके दिवशी तेलाचा डबा द्यायला नकार देतो. रात्रपाळीची सेविका तीन महिन्यांचा पगार थकला म्हणून काम सोडते, आणि उरलेली एकच बाई पंचवीस-तीस खाटांमधून पहाटेपर्यंत फिरत राहते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना दिवसाला तीन डायपर लागतात. ते आता दोनच मिळतात, मग एकच. कूस बदलायला माणूस नाही म्हणून पाठीला जखम होते, ती चिघळते, हाडापर्यंत जाते. मंत्रालयातल्या फायलीवर जेव्हा ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो, तेव्हा एका म्हाताऱ्याच्या पाठीला किडे पडत असतात. विलंबाचा खरा अर्थ हा आहे.

आणि हे तरी भाग्यवान म्हणायचे, कारण त्यांना खाट मिळाली! आपल्याकडच्या बहुतेक वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जावर पहिली अट असते ती ‘स्वतःचे स्वतः करता यावे’ अशी. ज्याला ते करता येते त्याला आधाराची निकड त्या मानाने कमी, आणि ज्याला अर्धांगवायूने वा स्मृतिभ्रंशाने ते करता येत नाही त्याला दार बंद. खासगी शुश्रूषा केंद्रात महिन्याचे हजारो रुपये मोजण्याची ऐपत किती घरांत आहे? श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे पात्रतेचे उत्पन्न वर्षाला २१ हजार रुपये आहे, म्हणजे दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहूनही कमी. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाटा ऐंशीच्या आतील वृद्धांसाठी दीड दशकाहून अधिक काळ दरमहा २०० रुपयांवर थिजलेला आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेतून पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कवच देण्यात आले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण ते कवच रुग्णालयाच्या फाटकापाशी संपते. मोडलेल्या खुब्यावर शस्त्रक्रिया होते, डिस्चार्ज कार्ड हाती पडते, आणि त्यानंतरची दोन, चार, सहा वर्षे जी शुश्रूषा लागते तिचा खर्च उचलणारी कोणतीही व्यवस्था या राज्यात नाही. शस्त्रक्रियेला सरकार आहे. शुश्रूषेला कोणी नाही.

यंत्रणा अपुरी आहे, माणसे कमी आहेत, पडताळणीला वेळ लागतो, ही रडगाणी आम्हाला कोणी ऐकवू नयेत. २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि १७ ऑगस्टला पुण्यात समारंभपूर्वक पहिले हप्ते वितरित झाले. जेमतेम ५० दिवसांत अर्ज आले, छाननी झाली आणि लक्षावधी खात्यांत पैसे पोहोचले. गरीब बहिणींच्या हाती पैसा गेला याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार ही आहे की, जे प्रशासन विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर पन्नास दिवसांत लक्षावधी अर्ज निकाली काढू शकते, तेच प्रशासन एका तालुक्यातल्या मोजक्या वृद्धांचे अर्ज समितीची बैठक झाली नाही या सबबीवर अडवून धरते. यंत्रणा तीच, संगणक तेच, तलाठी तेच. फरक फक्त इच्छेचा होता. बहिणीचे मत दिसले. आईची भूक दिसली नाही.

आणि या निगरगट्टपणावर शालजोडी पांघरायला आमचे राज्यकर्ते किती तत्पर! अंध आई-बापांना कावडीत घालून तीर्थयात्रेला नेणाऱ्या श्रावणाचे नाव एका योजनेला द्यायचे, १९९५ साली काढलेल्या वृद्धाश्रमांच्या योजनेला ‘मातोश्री’ म्हणायचे, दर १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनी चार म्हाताऱ्यांना व्यासपीठावर बसवून श्रीफळ द्यायचे, वाकून नमस्कार करतानाचे छायाचित्र छापून आणायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच म्हाताऱ्याला खिडकीतून सांगायचे, “आजोबा, साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या आठवड्यात या.” तो पुढचा आठवडा कधीच येत नाही. एसटीच्या सवलतीच्या तिकिटावर तो तीन वेळा येतो, चौथ्या वेळी त्याचे गुडघे साथ देत नाहीत, आणि एके दिवशी त्याच्या कागदावर अखेर निर्णय होतो: अर्जदार मयत, सबब प्रकरण दप्तरी दाखल. मासिक अहवालात ते निकाली निघालेल्या प्रकरणांत मोजले जाते! मरणाला जे सरकार स्वतःच्या कामगिरीत जमा करते, त्याला आम्ही दुसरे कोणते नाव द्यावे?

मुदत घालणे अशक्य आहे असेही कोणी म्हणू नये. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने कागदाच्या एका प्रतीसाठी ३० दिवसांची मुदत घातली आणि ती मोडणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, २५ हजारांपर्यंत दंड ठेवला. रोजगार हमीच्या कायद्याने मजुराची मजुरी पंधरवड्यात द्यायला लावली आणि उशीर झाल्यास दिवसागणिक भरपाईची तरतूद केली. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे. पण कोणत्या सेवेला घड्याळ लावायचे हे ठरवणे त्यातही सरकारच्याच अधिसूचनेवर सोडले आहे. बिल्डर इमारतीची जमीन सोसायटीच्या नावे करून देत नाही असे दिसताच याच विधिमंडळाने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग काढला. म्हणजे जबाबदार माणसाने हात झटकले तरी हक्क अडत नाही, हे तत्त्व फ्लॅटधारकांसाठी आपल्याला चांगले कळते. जर्मनीत दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा १९९५ पासून लागू आहे. तिथे शुश्रूषेच्या अर्जावर कामकाजाच्या २५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि शुश्रूषा निधीच्या दोषाने ती मुदत टळली तर विलंबाच्या प्रत्येक सुरू झालेल्या आठवड्यापोटी ७० युरो थेट अर्जदाराला मोजावे लागतात. तिथल्या म्हाताऱ्याचा एक आठवडा ७० युरोंचा. आमच्या म्हाताऱ्याचे एक वर्ष फुकट!

बोगस लाभार्थी शिरतील, अशी भीती घालणाऱ्यांना आमचे उत्तर सरळ आहे. पडताळणी जरूर करा, कसून करा; पण तिलाही तारीख असू द्या. मुदतीमुळे चौकशीला मनाई होत नाही, आळसाला होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, म्हणून तो आम्ही टाळत नाही: घाईघाईत मुदत गाठण्यासाठी अधिकारी अर्ज धडाधड फेटाळतील, किंवा शेवटच्या दिवशी एखादी त्रुटी काढून परत पाठवतील आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणतील. नोकरशाहीचा स्वभाव पाहता हे होणारच. म्हणूनच कायद्यात नुसता दिवसांचा आकडा लिहून भागत नाही. घड्याळ केव्हा सुरू होते, ते थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे आणि वेळ संपल्यावर काय घडते, या तिन्ही गोष्टी कायद्यातच लिहाव्या लागतात. आजच्या तरतुदीत पहिली फसवी आहे, दुसरी मोकाट आहे आणि तिसरी नाहीच.

तेव्हा मागणी नेमकी करतो. अर्ज किंवा अनुदानाचा प्रस्ताव हाती पडताच पोच द्या आणि तिच्यावर निर्णयाची अखेरची तारीख छापा. मुदत त्या दिवसापासून मोजा. न्यायाधिकरणाची नोटीस सात दिवसांत बजावा, आणि मुलगा टाळत असेल तर दारावर चिकटवून बजावणी झाली असे माना. त्रुटी काढायची ती सात दिवसांत, एकदाच आणि सर्व एकत्र. दुसऱ्यांदा त्रुटी काढण्याचा अधिकार कोणालाही नको. फेटाळायचे तर सकारण आणि लेखी फेटाळा. वृद्धाश्रमाच्या अनुदानाचा निर्णय ४५ दिवसांत झाला नाही तर तो मानीव मंजूर समजा. मंजूर अनुदानाचा पहिला निम्मा हप्ता एप्रिलमध्येच आगाऊ द्या आणि उशिरा दिलेल्या प्रत्येक रुपयावर व्याज द्या. ऐंशी ओलांडलेल्यांसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रत्येक मुदत निम्म्यावर आणा. मुदत मोडली तर भरपाई अर्जदाराच्या खात्यात आपोआप जमा होऊ द्या, त्यासाठी त्याला पुन्हा अर्ज करायला लावू नका, आणि ती रक्कम जनतेच्या तिजोरीतून न काढता जबाबदार अधिकाऱ्याच्या वेतनातून वसूल करा. प्रत्येक जिल्ह्यातल्या १५० खाटांच्या आश्रमाला पंचांगातली तारीख द्या आणि ती पाळली की नाही याचा अहवाल दर हिवाळी अधिवेशनात मांडा.

केंद्राकडे बोट दाखवून सुटका होणार नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत याच कायद्याचे दुरुस्ती विधेयक आले होते. ऐंशी वर्षांवरील अर्जदारांचे अर्ज ६० दिवसांत निकाली काढावेत, दहा हजारांची चरितार्थाची मर्यादा हटवावी, असे त्यात होते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीने २०२१ च्या जानेवारीत अहवाल दिला, त्यानंतर तीन वर्षे त्याला कोणी हात लावला नाही, आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. विलंब रोखण्यासाठी आणलेले विधेयकच विलंबाने मारले! दिल्ली झोपली म्हणून मुंबईने पांघरूण ओढून घ्यावे असे संविधान सांगत नाही. अनुच्छेद ४१ ने वृद्धापकाळी साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, समाजसुरक्षेवर कायदा करण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे आणि अनुदानाची तिजोरी तर राज्याचीच आहे.

आणि जनतेलाही आम्ही मोकळे सोडत नाही. रस्त्यावर खड्डा पडला तर आपण ओरडतो, वीज दोन तास गेली तर कचेरीवर चालून जातो. शेजारच्या वृद्धाश्रमाचे अनुदान वर्षभर अडकले हे कळल्यावर मात्र वाढदिवसाला एक दिवसाचे गोड जेवण देऊन पुण्य गाठीशी बांधतो आणि घरी येतो. त्या म्हाताऱ्यांना एक दिवसाचा शिरा नको आहे, बारा महिन्यांचा हक्क हवा आहे. आपल्या आमदाराला गाठा आणि विचारा की, या विषयावर सभागृहात एकदा तरी तोंड उघडले का, आणि नसेल तर कोणत्या तारखेला उघडणार. तो ‘लवकरच’ म्हणेल. ते उत्तर स्वीकारू नका. ‘लवकरच’, ‘यथावकाश’, ‘टप्प्याटप्प्याने’ या शब्दांनी आजवर जितकी म्हातारी माणसे उपाशी मारली तितकी दुष्काळानेही मारली नसतील. येत्या अधिवेशनात विधेयक मांडा, त्यात तारखा घाला आणि तारखा मोडणाऱ्याला शिक्षा घाला. ज्यांना हे करायचे नसेल त्यांनी खुर्च्या खाली कराव्यात.